शाळेच्या अंगणातील बास्केटबॉलचा खांब

लंगडी, लगोरी, खो-खो हे आपल्याकडील खेळ बिनखर्चाचे असून प्राथमिक शाळेत त्यांना अग्रस्थान असणे योग्यच आहे. तथापि जेथे अंगण लहान आणि पटसंख्या मोठी, तेथे एका खांबावरील बास्केटबॉल हाही सोयीचा खेळ ठरतो. पिंपरी-चिंचवडपासून चाकणपर्यंतच्या कारखानदारीच्या पट्ट्यातील शाळांना त्याचा विशेष उपयोग आहे. एके काळी कांद्याच्या पेठेसाठी ओळखले जाणारे चाकण आता मोटारींच्या कारखान्यांचे गाव झाले आहे. दूरदूरच्या जिल्ह्यांतून व परप्रांतांतून आलेल्या कामगारांची मुले येथील वर्गांत बसतात. त्यांतील कित्येकांना प्रथम मराठी नीट उमगत नाही; पण चेंडू फेकण्यास व झेलण्यास भाषेची अडचण पडत नाही.

हा खेळ 1891 च्या डिसेंबरात अमेरिकेतील स्प्रिंगफील्ड येथे जेम्स नेस्मिथ या शिक्षकाने योजिला. व्यायामशाळेच्या सज्जाच्या कठड्यास त्याने फळांच्या टोपल्या टांगल्या. तो कठडा दहा फूट उंच होता, म्हणून कड्याची उंचीही दहा फूट, म्हणजे 3.05 मीटर ठरली. बालकांच्या शक्तीचा विचार या आकड्यात नाही. म्हणूनच बारा वर्षांखालील मुलांच्या मिनी बास्केटबॉलमध्ये कडे 2.60 मीटरवर असते व चेंडू पाच क्रमांकाचा, लहान व हलका असतो. प्राथमिक शाळेने हेच माप स्वीकारावे. फळा बोल्टांनी बसवून भोकांच्या दोन ओळी ठेवल्यास मोठ्या मुलांसाठी तो वर चढविता येतो.

जागा निवडताना चार गोष्टी पाहाव्यात. वर विजेच्या तारा नसाव्यात. खाली पाण्याची, विजेची वा गॅसची वाहिनी नाही याची ग्रामपंचायतीकडे किंवा महापालिकेकडे खात्री करून घ्यावी. चेंडू रस्त्यावर जाईल अशी जागा टाळावी. ज्या रस्त्यावर मालमोटारींची अखंड ये-जा आहे, तेथे चेंडूमागे धावणारे मूल जिवास मुकू शकते. शेवटी, मैदानाची लांबी दक्षिणोत्तर ठेवावी, म्हणजे सकाळ-संध्याकाळ सूर्य डोळ्यांवर येत नाही. शाळा व्यवस्थापन समितीचा ठराव अर्थातच आधी व्हावा.

खड्डा 75 सेंटिमीटर लांब, तितकाच रुंद आणि 135 सेंटिमीटर खोल घ्यावा. काळी माती पावसात फुगते व उन्हाळ्यात भेगाळते. तिच्यावर भरवसा न ठेवता पक्का मुरूम लागेपर्यंत खणावे. तळाशी 15 सेंटिमीटर खडी धुमसावी. खांबासाठी सुमारे 114 मिलिमीटर बाह्य व्यासाचा जाड पत्र्याचा लोखंडी नळ घ्यावा. त्याच्या बुडाशी आडव्या सळया जोडाव्यात, म्हणजे तो गाड्यात फिरत नाही. भोसरी-चाकणच्या जोडकामाच्या कोणत्याही कारखान्यात हे काम होते. कारागिराच्या हाती मापांसह आकृती मात्र द्यावी. वरचा हात इतका पुढे असावा की फळा खांबापासून निदान 90 सेंटिमीटर दूर राहील. नाहीतर धावत आलेले मूल खांबावर आदळते.

काँक्रिटचे प्रमाण एक भाग सिमेंट, दीड भाग वाळू व तीन भाग खडी असे ठेवावे. सुमारे साडेपाच पोती सिमेंट लागते. खांब दोन बाजूंनी ओळंब्यात आणून टेकू द्यावेत व मग काँक्रिट थराथराने ठासावे. माथा जमिनीपेक्षा किंचित उंच व उतरता करावा, म्हणजे खांबाशी पाणी साचणार नाही. पुढे निदान सात दिवस ओले गोणपाट ठेवावे आणि अठ्ठावीस दिवसांपर्यंत खेळ सुरू करू नये. मुलांची अधीरता येथे आवरावी लागते. कच्च्या काँक्रिटात हललेला खांब पुन्हा कधी घट्ट होत नाही.

हा खटाटोप कशासाठी, हे वरच्या वर्गातील मुलांना गणितानेच दाखविता येईल. 0.75 × 0.75 × 1.2 मीटरच्या ठोकळ्याचे घनफळ 0.675 घनमीटर. घनमीटरास 2400 किलो धरल्यास त्याचे वजन 1620 किलो होते. फळा, कडे व कड्यास लोंबकळणारा एखादा मुलगा मिळून 100 किलो वजन खांबापासून दीड मीटरवर आहे असे मानल्यास तरफेचा गुणाकार 150 येतो. त्याविरुद्ध ठोकळ्याचा गुणाकार, 1620 × 0.375, सुमारे 607 म्हणजे चौपट होतो. हाच खड्डा निम्म्या खोलीचा असता तर आधार निम्मा उरला असता.

तरीही ठोकळा शाबूत असताना खांब मोडू शकतो, कारण नळ जमिनीलगत गंजतो. 2025 च्या नोव्हेंबरात हरियाणात, रोहतक जिल्ह्यात व बहादुरगड येथे, बास्केटबॉलचे खांब अंगावर कोसळून दोन किशोरवयीन खेळाडू प्राणास मुकले. खांब उभारणे हे एका महिन्याचे काम आहे. त्याची राखण हे नित्याचे काम होय. दर जूनमध्ये शाळा उघडण्यापूर्वी व पावसाळा सरल्यावर खांबाचे बूड खरवडून पाहावे, हातोडीने ठोकून आवाज ऐकावा, बोल्ट आवळावेत आणि तपासणीची तारीख साहित्य-नोंदवहीत लिहावी. गंजाने पत्रा पातळ झाला असल्यास वरून रंग देऊन समाधान मानू नये. खांब त्याच दिवशी बंद करून उतरवावा. कड्यास लोंबकळू नये हा नियम पहिल्याच तासाला सांगावा आणि खांबाभोवती माणसाच्या उंचीपर्यंत जाड गादी बांधावी.

घराच्या अंगणात असा खांब उभारू इच्छिणारे पालक शिक्षकांचा सल्ला विचारतात. त्यांनाही हीच मापे व हीच दक्षता सांगावी.