एका नावाच्या तीन तलवारी

परवा नातवाने इतिहासाच्या पुस्तकातून मान वर काढून विचारले, "आजोबा, १९४६ साली ज्या 'तलवार' बोटीवर बंड झाले, ती कुठल्या बंदरात उभी होती हो?" खरे सांगायचे, तर कितीतरी वर्षे मीही तिला बोटच समजत होतो!

पण ती 'तलवार' पाण्यावर कधी तरंगलीच नाही. ती होती मुंबईत कुलाब्याला, नौसैनिकांना संदेशवहन शिकवणारी शाळा. बराकी, भिंती आणि फाटक! मग तिला बोटीचा थाट कशाला? त्याचे मूळ इंग्रजांच्या कायद्यात. नौदलाची शिस्त लागू व्हायची ती जहाजाच्या पटावर नाव असलेल्याला. तेव्हा किनाऱ्यावरच्या ठाण्यालाच कागदोपत्री जहाज ठरवले, की काम भागले. ही रीत आपणही ठेवली. लोणावळ्याच्या डोंगरात 'आय. एन. एस. शिवाजी' आहे, ती अशीच. तेथून रजेवर निघालेला नौसैनिक खुशाल 'किनाऱ्यावर चाललो' म्हणतो!

याच कुलाब्याच्या 'तलवारी'त १८ फेब्रुवारी १९४६ रोजी ठिणगी पडली. निकृष्ट जेवण आणि गोऱ्या अधिकाऱ्यांच्या शिव्या यांना विटलेल्या पोरांनी अन्नावर आणि कामावर बहिष्कार टाकला. पाहता पाहता ७८ जहाजे, २० ठाणी आणि सुमारे २०,००० नौसैनिक त्यात ओढले गेले. सरदार पटेलांच्या सल्ल्यावरून २३ तारखेला त्यांनी शस्त्रे खाली ठेवली. पुढे शेकडो जणांची नोकरी गेली. स्वराज्य आले, पण स्वराज्याच्या नौदलानेही त्यांना परत घेतले नाही.

नाव मात्र परत आले. १९५९ साली इंग्लंडात बांधलेली 'तलवार' ही फ्रिगेट आपल्या ताफ्यात दाखल झाली. या वेळी खरीखुरी बोट! डिसेंबर १९७१ मध्ये कराचीवरील दुसऱ्या हल्ल्यात 'विनाश' या क्षेपणास्त्र नौकेच्या सोबतीला ती होती. यथाकाल तीही निवृत्त झाली आणि १८ जून २००३ रोजी रशियात, सेंट पीटर्सबर्गला, तिसऱ्या 'तलवारी'वर आपला तिरंगा चढला.

बोट थकली, की तिचे नाव नव्या बोटीला मिळते. नौदलाचा हा रिवाज मला फार आवडतो. पण ज्यांच्यामुळे 'तलवार' हे नाव घरोघरी पोहोचले, ती पोरे घरीच बसली, हे मी नातवाला सांगितले. तो बराच वेळ गप्प होता. मग त्याने पेन्सिल घेऊन पुस्तकातल्या 'बोटी'वर काट मारली आणि समासात लिहिले, 'शाळा'.