एका दिवसात फसलेली यादी

मागच्या भागात वॉल्टर शूहार्ट आणि एडवर्ड्स डेमिंग यांचं चक्र पाहिलं: ठरवा, करून पाहा, निकाल अभ्यासा, मग पुढचं पाऊल टाका. कारखान्यात घडलेली ही रीत रुग्णालयात कशी उतरते, हे एका फसलेल्या दिवसावरून चांगलं कळतं.

यवतमाळ जिल्ह्यातल्या उमरखेडजवळचं उटी हे डॉ. अतुल गावंडे यांच्या वडिलांचं गाव. बॉस्टनचे हे शल्यचिकित्सक २००७ साली जागतिक आरोग्य संघटनेसाठी शस्त्रक्रियेची तपासणी-यादी तयार करत होते. रुग्ण तोच ना, शस्त्रक्रिया ठरलेल्या जागीच ना, प्रतिजैविक वेळेवर दिलं ना, असे तिच्यातले प्रश्न. पहिला मसुदा त्यांनी स्वतःच्याच शस्त्रक्रियागृहात वापरला. परिचारिका मुकाट्याने चौकटींत खुणा करू लागली. प्रश्न मोठ्याने विचारायचे आहेत, हे तिला कुणी सांगितलंच नव्हतं. काही मुद्दे संदिग्ध होते, यादी लांबलचक होती. संध्याकाळपर्यंत ती बाजूला पडली.

ही चाचणी वाया गेली नाही. नुकसान झालं ते एका खोलीचं आणि एका दिवसाचं. तोच कागद परिपत्रक म्हणून शेकडो रुग्णालयांत गेला असता, तर खुणा सगळीकडे झाल्या असत्या आणि दोष कुणाच्या ध्यानातही आला नसता. आपल्याकडे सुधारणा बहुधा अशाच वरून खाली येतात, म्हणून हा फरक इथे फार महत्त्वाचा आहे.

पुढे गावंडे बोइंग कंपनीत वैमानिकांच्या याद्या लिहिणाऱ्या तज्ज्ञाला भेटले. यादी आखूड झाली. ती नेमकी केव्हा थांबून वाचायची, हे ठरलं: भूल देण्याआधी, छेद घेण्याआधी आणि रुग्णाला खोलीबाहेर नेण्याआधी. एकूण १९ मुद्दे.

मग ती आठ शहरांतल्या आठ रुग्णालयांत गेली. त्यांत दिल्लीही होती. जानेवारी २००९ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध झाले. गंभीर गुंतागुंत ११ टक्क्यांवरून ७ टक्क्यांवर आली होती, मृत्यू दीड टक्क्यावरून ०.८ टक्क्यावर.

इथे थांबलं तर गोष्ट गोड वाटेल, पण अपुरी राहील.

याच धर्तीवर प्रसूतीसाठी एक यादी तयार झाली आणि उत्तर प्रदेशातल्या १२० आरोग्य केंद्रांत तिची मोठी चाचणी झाली. निम्म्या केंद्रांत यादीसोबत प्रशिक्षक होते. शिकवून निघून न जाता ते आठ महिने परिचारिकांच्या बाजूला उभं राहून काम पाहत. दोन महिन्यांनी तिथे आवश्यक कृतींपैकी सुमारे ७३ टक्के पार पडत होत्या. इतर केंद्रांत सुमारे ४२ टक्के. वर्ष झालं तेव्हा प्रशिक्षकांच्या भेटी थांबल्या होत्या आणि ७३ चे ६२ झाले होते.

दीड लाखाहून अधिक प्रसूतींची नोंद झाली. माता आणि नवजात बालकांच्या मृत्यूंत मात्र दोन्ही गटांत फरक दिसला नाही.

हात धुतले गेले, रक्तदाब मोजला गेला, तरीही जीव का वाचले नाहीत? कृती वाढली म्हणजे परिणाम साधलाच असं नसतं. म्हणून चक्रातला ‘अभ्यास’ दोन्ही मोजमापं वेगळी ठेवतो: काम झालं का, आणि त्याचा रुग्णाला उपयोग झाला का. अडलेल्या बाळंतिणीसाठी रक्त, शस्त्रक्रियेची सोय आणि वेळेवर पोचणारी रुग्णवाहिकाही लागते. या गोष्टी यादीच्या हातात नाहीत. एका तालुक्यात, एका रुग्णवाहिकेपासून त्यांची चाचणी कशी सुरू करता येईल, ते पुढच्या भागात.