पेंट्रिच गावचे बंड

सन १८१७ च्या जून महिन्यात इंग्लंडातील डर्बीशायर परगण्यात पेंट्रिच, साउथ विंगफील्ड व आसपासची काही खेडी येथील दोन-तीनशे माणसे एका रात्री हत्यारे घेऊन देशाचे सरकार उलथून टाकावयास निघाली. दुसऱ्या दिवशी सकाळी ती सर्व पांगली. इंग्लंडच्या मोठ्या इतिहासग्रंथांतून या बंडास एखादे पान मिळाले तर मिळते. तरीही शेतकऱ्यांच्या मासिकात त्याची हकीकत देणे आम्हांस अगत्याचे वाटते, कारण त्याच्या मुळाशी गव्हाचा भाव होता आणि त्या रात्री व पुढे न्यायालयातही शेतकरीवर्ग दोन्ही बाजूंस उभा होता.

प्रथम ही माणसे कोण, ते पाहू. पेंट्रिच हे टेकडीवर वसलेले लहानसे खेडे असून तेथील बहुतेक जमीन ड्यूक ऑफ डेव्हनशायर या बड्या जमीनदाराची होती. गावात शेतकरी होते ते बहुधा खंडाने जमीन करणारे. बाकीची वस्ती शेतमजूर, दगडाच्या खाणीत राबणारे, कोळसा काढणारे, जवळच्या बटर्लीच्या लोखंडी कारखान्यातील कामगार आणि मोजे विणणारे विणकर यांची. मोजे विणण्याचा माग हे त्या प्रांताचे वैशिष्ट्य होय. नॉटिंगहॅमजवळच्या कॅल्व्हर्टन गावच्या विल्यम ली याने १५८९ च्या सुमारास तो माग शोधून काढला, तेव्हापासून त्या भागातील खेड्याखेड्यांत घरोघर ते माग चालत असत. पण विणकराच्या घरात असलेला माग विणकराचा नसे. तो शहरातील व्यापाऱ्याचा किंवा मधल्या दलालाचा असे आणि त्याचे भाडे दर आठवड्यास मजुरीतून कापले जाई. काम कमी आले तरी भाडे चुकत नसे. व्यापाऱ्यास माल नको असला तरी माग नेऊन ठेवण्यात त्याचा फायदाच, कारण भाडे सुरू राही. आपल्याकडे सावकाराच्या घरचा बैल भाड्याने आणून नांगरणारा कुणबी जसा दुहेरी पेचात सापडे, तशीच ही स्थिती होती. या विणकरांपैकी काहींनी १८११ पासून रात्री जमून माग फोडण्यास सुरुवात केली. तेव्हा १८१२ मध्ये पार्लमेंटने कायदा करून माग फोडणारास देहान्त शिक्षा ठेवली.

अशातच १८१५ मध्ये वॉटर्लूची लढाई होऊन नेपोलियनबरोबरचे दीर्घ युद्ध संपले. युद्ध संपले की सुबत्ता येईल अशी लोकांची समजूत होती. झाले उलटेच. तोफा व गोळ्यांची मागणी बंद पडून लोखंडाचे कारखाने मंदावले, फौजेतून सुटलेले हजारो शिपाई कामाच्या शोधात गावी परतले आणि मजुरीचे दर आणखी उतरले.

गव्हाची गोष्ट येथे थोडी विस्ताराने सांगितली पाहिजे. युद्धकाळात परदेशी धान्य येणे कठीण झाल्याने इंग्लंडात गव्हाचे भाव फार चढले होते. त्या भावाच्या भरवशावर जमीनदारांनी खंड वाढविले आणि शेतकऱ्यांनी ते लांब मुदतीच्या करारांनी कबूल केले. युद्ध संपताच भाव कोसळू लागले. तेव्हा पार्लमेंटने, जेथे जमीनदारांचेच प्राबल्य होते, १८१५ मध्ये धान्याचा कायदा केला. देशात गव्हाचा भाव दर क्वार्टरास ८० शिलिंगांपर्यंत चढेतोवर परदेशी गहू बाजारात विकू द्यावयाचा नाही, असे त्याने ठरविले. क्वार्टर म्हणजे आपल्या मापाने सुमारे २१८ किलो. कायदा शेतकऱ्याच्या नावाने झाला खरा, पण त्याचा लाभ शेतकऱ्यास कितपत पोहोचला याचा हिशेब पाहण्यासारखा आहे. १८१५ सालची सरासरी क्वार्टरास सुमारे ६५ शिलिंग होती. म्हणजे कायद्याने आशा दाखविलेला भाव आला नाही, खंड मात्र युद्धाच्या भावाचाच द्यावा लागला, आणि पुष्कळ खंडकरी बुडाले.

पुढील वर्ष तर सर्वांसच घातक ठरले. एप्रिल १८१५ मध्ये जावाच्या पूर्वेकडील सुंबावा बेटावर तंबोरा या ज्वालामुखीचा प्रचंड स्फोट झाला. त्याची धूळ व वायू आकाशात पसरून पृथ्वीच्या बऱ्याच भागावरील ऊन मंदावले, असे आता शास्त्रज्ञांनी दाखवून दिले आहे. त्या काळच्या इंग्लिश शेतकऱ्यास हे ठाऊक असण्याचे कारण नव्हते. त्यास दिसले ते एवढेच की १८१६ मध्ये उन्हाळा म्हणून आलाच नाही. पाऊस खळेना, पीक पिकेना, आणि उशिराने कापलेल्या गव्हास कणसातच मोड आले. त्या वर्षीची सरासरी ७८ शिलिंगांवर गेली आणि १८१७ ची सुमारे ९७ शिलिंगांवर. वर्षअखेरीस बंदरे परदेशी गव्हास खुली झाली, परंतु युरोपातही तेच हवामान असल्याने गहू येणार कोठून? ज्या शेतकऱ्याकडे विकावयास धान्य उरले त्यास भाव मिळाला. ज्याचे पीक शेतातच कुजले त्यास चढ्या भावाचा उपयोग नव्हता. आणि मोजे विणणारास, पूर्वीपेक्षा कमी मजुरीत, भाकरी दीडपट दराने घ्यावी लागली.

लोकांनी प्रथम कायदेशीर मार्ग धरला. मताचा हक्क सर्वांस मिळावा, पार्लमेंट सुधारावे, असे अर्ज देशभर हजारोंच्या सह्यांनी तयार झाले. पेंट्रिचचा वृद्ध विणकर टॉमस बेकन या चळवळीत पुढे होता व त्या निमित्ताने तो लंडनच्या सभेसही जाऊन आला होता. अर्ज फेटाळले गेले. मार्च १८१७ मध्ये सरकारने हेबियस कॉर्पस कायदा स्थगित केला, म्हणजे चौकशीवाचून माणसास तुरुंगात ठेवण्याचा मार्ग मोकळा झाला. त्याच महिन्यात मँचेस्टरचे विणकर पाठीवर घोंगड्या टाकून राजपुत्राकडे अर्ज घेऊन पायी निघाले, त्यांस वाटेतच घोडेस्वारांनी उधळून लावले. उघडपणे बोलण्याची वाट अशी बंद झाल्यावर माणसे मद्यगृहांच्या मागल्या खोल्यांतून कुजबुजू लागली, यात नवल नाही.

या कुजबुजीत एक मनुष्य बाहेरून येऊन मिसळला. तो आपले नाव ऑलिव्हर असे सांगे. त्याचे खरे नाव विल्यम रिचर्ड्स असल्याचे पुढे उघड झाले. तो गृहमंत्री लॉर्ड सिडमथ यांच्या खात्याचा पगारी हेर होता. एप्रिलपासून उत्तरेकडील शहरांतून व खेड्यांतून फिरून, आपण लंडनच्या क्रांतिकारकांचे प्रतिनिधी आहोत, राजधानीत हजारो माणसे सज्ज आहेत, केवळ उत्तरेकडील बांधवांची खोटी आहे, असे तो सांगत सुटला. प्रत्येक गावास तो इतर सर्व गावे तयार असल्याचे सांगे. टपालाचे पत्र वाटेत फोडले जाण्याची भीती असलेल्या त्या काळी खेड्यातील माणसास हे पडताळून पाहण्याचे साधन काय होते? ९ जूनची रात्र मुक्रर झाली.

बेकनवर पकडवॉरंट निघाल्याची वार्ता आल्याने तो लपून राहिला आणि पुढारीपण जेरेमाया ब्रँड्रेथ या तिशीच्या आतबाहेरच्या विणकराकडे आले. हा पेंट्रिचचा नव्हे. तो सटन-इन-ॲशफील्डहून आला होता. त्यास बायको व लहान मुले असून धंदा बसल्यामुळे गावच्या गरीबफंडावर त्याचे दिवस चालले होते. ८ जून, रविवारी, पेंट्रिचच्या व्हाइट हॉर्स या मद्यगृहात त्याने नकाशा पसरून बेत समजावून दिला. ते मद्यगृह जॉर्ज वेटमन या लाकूड कापणाऱ्या तरुणाची विधवा आई चालवीत असे. आलेगेले गिऱ्हाईक ऐकत असताही बोलणे उघडपणे चालले होते, यावरून हे लोक कट करण्याच्या विद्येत किती अडाणी होते ते दिसते. बेत असा की खेड्यांतून माणसे व बंदुका गोळा कराव्या, बटर्लीचा कारखाना घ्यावा, आणि चौदा मैलांवरील नॉटिंगहॅम गाठावे. तेथे शहर अगोदरच हाती आलेले असेल, आणि भाकरी, मांस, दारू व पैसाही मिळेल. भुकेल्या माणसास राज्यपद्धतीच्या सुधारणेपेक्षा यातील कोणता शब्द अधिक ऐकू आला असेल, ते वाचकांनीच ताडावे.

सोमवारी रात्री दहाच्या सुमारास साउथ विंगफील्डच्या एका कोठारापाशी पन्नासएक माणसे जमली. थोड्या बंदुका, बाकी भाले आणि शेतातील अवजारे. पाऊस कोसळत होता. ही टोळी शेतघरामागून शेतघर घेत चालली. दार ठोठवावयाचे, बंदूक मागावयाची, आणि घरातील एक पुरुष सोबत न्यावयाचा. पुढे साक्षीत अनेक शेतकऱ्यांनी सांगितले की आम्हांस अंथरुणातून उठवून, हातात भाला देऊन रांगेत उभे केले, आणि अंधारात संधी मिळताच आम्ही निसटून घरी आलो. मिसेस हेपवर्थ या विधवेच्या शेतघरी दार उघडले गेले नाही. तेव्हा ब्रँड्रेथने खिडकीतून गोळी झाडली आणि रॉबर्ट वॉल्टर्स नावाचा गडी ठार झाला. त्या साऱ्या बंडात मारला गेलेला हा एकच मनुष्य, आणि तोही मजुरी करून पोट भरणारा.

पहाटे बटर्लीच्या कारखान्याच्या फाटकाशी व्यवस्थापक जॉर्ज गुडविन काही माणसांसह उभा होता. त्याने एकही माणूस देण्याचे साफ नाकारले. टोळीत त्यास आयझॅक लडलम दिसला. हा साउथ विंगफील्डचा पोक्त, धर्मशील गृहस्थ. एकेकाळी बऱ्या स्थितीतला, आता दगड काढून पोट भरणारा. त्याची मुलेही त्या रात्री सोबत होती. गुडविनने त्यास घरी परत जाण्याविषयी कळकळीने सांगितले. आपण फार पुढे आलो आहो, आता मागे फिरणे नाही, अशा अर्थाचे उत्तर देऊन लडलम थरथरत पुढे गेला. या प्रसंगाची साक्ष न्यायालयात झाली आहे. आम्हांस या सबंध प्रकरणात याहून अधिक विचार करावयास लावणारा प्रसंग दुसरा दिसत नाही. फाटक न फोडताच टोळी निघून गेली, आणि तेथेच काहीजण गळाले.

जॉर्ज वेटमनला घोड्यावरून नॉटिंगहॅमकडे बातमी काढावयास पाठविले होते. त्याने परत येऊन सर्व ठीक असल्याचे सांगितले. खरे पाहता शहर शांत होते आणि सैन्य छावणीत सज्ज होते. कॉडनर, लँगली मिल, ईस्टवुड अशी मजल करीत, भिजलेली व दर कोसास घटत जाणारी ही टोळी सकाळी गिल्टब्रुकजवळ आली, तोच समोरून मॅजिस्ट्रेट व थोडे घोडेस्वार आले. ब्रँड्रेथने उभे राहण्याचा हुकूम केला. कोणी उभे राहिले नाही. भाले टाकून माणसे कुंपणांपलीकडे पळाली. चाळीसएक जागीच सापडली.

याच आठवड्यात लीड्स मर्क्युरी या वृत्तपत्राने ऑलिव्हरचे बिंग फोडले आणि पार्लमेंटात मोठा गदारोळ झाला. परंतु सरकारी वकिलांनी खटल्याची मांडणी अशी केली की पुरावा ८ जूनच्या मद्यगृहापासूनच सुरू व्हावा. त्याआधी काय घडले ते विचारलेच गेले नाही, आणि ऑलिव्हर साक्षीस आला नाही. ऑक्टोबरात डर्बी येथे पस्तीस जणांवर राजद्रोहाचा आरोप आला. ज्यूरीत शेतकऱ्यांचा भरणा होता. नुकतेच ज्यांच्या पेशातील लोकांची दारे रात्री ठोठावली गेली होती, त्यांच्याकडून वेगळ्या निकालाची अपेक्षा करणे कठीण होते. पण हेराची हकीकत त्यांच्यापुढे येती तर त्यांनी काय केले असते, हा प्रश्न उरतोच. ब्रँड्रेथ, विल्यम टर्नर हा पाथरवट, लडलम व वेटमन असे चौघे दोषी ठरल्यावर एकोणीस जणांनी गुन्हा कबूल केला आणि बारांस सोडून देण्यात आले. वेटमनची फाशी माफ झाली. तो व बेकन धरून चौदा जणांस ऑस्ट्रेलियास हद्दपार केले आणि सहांस कैद झाली. उरलेल्या तिघांस ७ नोव्हेंबर १८१७ रोजी डर्बी येथे फाशी देऊन नंतर त्यांची शिरे तोडण्यात आली. टर्नरने फासाखाली उभे राहून, हे सरकारचे व ऑलिव्हरचे कृत्य आहे असे सांगितले. आपल्याकडे त्याच आठवड्यात, ५ नोव्हेंबरास, खडकीची लढाई होऊन पेशवाईच्या अखेरीस आरंभ झाला होता. ज्या सरकारचा दरारा येथे एवढा, त्यास स्वतःच्या घरी तीन कामकऱ्यांची शिरे लोकांस दाखवावी लागत होती.

हे बंड सर्वस्वी हेराने उभे केले, असे पूर्वीचे लेखक म्हणत. ई. पी. थॉम्प्सन या इतिहासकाराने १९६३ च्या आपल्या ग्रंथात मात्र याची गणना, मध्यमवर्गाच्या आधारावाचून निव्वळ कामकऱ्यांनी केलेल्या पहिल्या बंडांपैकी एक म्हणून केली. आमच्या मते दुसरे मत अधिक ग्राह्य होय. ऑलिव्हरने तारीख दिली आणि खोटा भरवसा दिला. मागाचे भाडे, कुजलेला गहू व फेटाळलेले अर्ज ही त्याची निर्मिती नव्हती.

ऑलिव्हरला सरकारने पुढे दक्षिण आफ्रिकेतील केप वसाहतीत इमारतींच्या देखरेखीची नोकरी दिली. धान्याचा कायदा, मध्यंतरी काही फेरफार होऊन, १८४६ पर्यंत चालू राहिला. पेंट्रिच गावात ड्यूकच्या कारभाऱ्यांनी बंडात सामील झालेल्यांच्या कुटुंबांस घरांतून काढले आणि ती घरे पाडून टाकली.