पोवळ्यांनीं राखलेली भूकंपांची बखर

भूकंपाचा अभ्यास करणाऱ्यांस सर्वांत मोठी अडचण भासते ती काळाची. एखाद्या प्रदेशांत मोठा भूकंप दोनशें वर्षांनीं एकदां होत असेल, तर पहिल्याची हकीकत सांगणारा मनुष्य दुसऱ्याच्या वेळीं हयात नसतो. भूकंपमापक यंत्रें प्रचारांत येऊन सव्वाशें-दीडशें वर्षेंच झालीं आहेत. लेखी दप्तरें कांहीं देशांत पुष्कळ जुनीं असलीं, तरी दूरच्या बेटांवर तीं सांपडत नाहींत. अशा ठिकाणीं पूर्वीं काय घडलें हें कळावें कसें? इंडोनेशियांतील सुमात्रा बेटाच्या पश्चिमेस या प्रश्नाचें उत्तर उथळ समुद्रांतील पोवळ्यांनीं दिलें आहे.

सुमात्राच्या पश्चिम किनाऱ्यापासून कांहीं अंतरावर सिमेउलुए, नियास, मेंतावाई अशी बेटांची लांबच लांब ओळ आहे. तिच्याही पलीकडे समुद्रतळावर एक खोल खंदक आहे. पृथ्वीचें कवच अनेक प्रचंड तुकड्यांचें बनलेलें आहे. त्यांपैकीं हिंदी महासागराचा तळ ज्यावर आहे तो तुकडा या खंदकापाशीं सुमात्राच्या तुकड्याखालीं दरवर्षीं सुमारें ५ सेंटिमीटर शिरत असतो. दोन्ही तुकडे एकमेकांस घट्ट चिकटलेले असल्यानें खालचा तुकडा वरच्याची कड आपणांबरोबर ओढून नेतो, आणि त्या कडेवरील बेटें वर्षानुवर्षें हळूहळू खचत राहतात. ताण असह्य झाला कीं पकड एकदम सुटते, आणि वांकविलेलें धनुष्य सोडावें त्याप्रमाणें दबलेली कड उसळून वर येते. त्याबरोबर बेटेंही वर उचललीं जातात. समुद्रतळ उचलला गेल्यामुळें वरचें पाणीही उचललें जातें, आणि तेंच पुढें त्सुनामीच्या लाटांच्या रूपानें किनाऱ्यावर आदळतें.

बेटाच्या या हालचालींची नोंद पोवळें ठेवतें, तें असें. पोवळें म्हणजे चुन्याचें घर बांधून राहणाऱ्या चिमुकल्या प्राण्यांची वसाहत. या प्राण्यांस पाण्याबाहेर फार वेळ जगतां येत नाहीं. म्हणून पोवळ्याचा गड्डा वाढत वाढत मोठ्या ओहोटीच्या पातळीस पोंचला कीं त्याचा माथा मरतो, आणि पुढें तो केवळ बाजूंनीं पसरून जात्याच्या तळीसारखा सपाट होतो. बेट खचूं लागलें तर त्यावरील पाणी चढल्यासारखें होतें. मग पोवळ्याच्या कडेस वर वाढण्यास वाव मिळून गड्ड्यास परातीचा आकार येतो. उलट, भूकंपानें बेट वर आलें तर उघडा पडलेला भाग मरतो, आणि पाण्यांत राहिलेली खालची कड तेवढी टोपीच्या घेराप्रमाणें बाहेर वाढते. कोंकणच्या किनाऱ्यावरील श्रोत्यांस ओहोटीची रेघ खडकावर ओळखतां येते. पोवळें तीच रेघ सालवार आपल्या अंगावर काढीत असतें.

झाडाच्या खोडाप्रमाणें पोवळ्यांतही वर्षागणिक वलयें पडतात. संशोधक करवतीनें गड्ड्याची उभी लादी कापतात, तिचें क्ष-किरणांनीं चित्र घेतात आणि वलयें मोजतात. फार जुन्या पोवळ्याचें वय युरेनियमवरून काढतात. समुद्राच्या पाण्यांतील युरेनियम वाढत्या पोवळ्यांत शिरतें, थोरियम मात्र जवळजवळ शिरत नाहीं. पुढें त्या युरेनियमाचें ठराविक गतीनें थोरियम बनत जातें. या दोहोंच्या प्रमाणावरून शेंकडों वर्षांपूर्वींची घटनाही थोड्या वर्षांच्या फरकानें सांगतां येते.

तथापि माथा मेला म्हणजे भूकंप झालाच, असें समजणें चुकीचें ठरेल. १९९७ सालीं हिंदी महासागरांतील वारे बदलून सुमात्राजवळचें पाणी कांहीं काळ खालावलें, आणि भूकंपावांचूनच अनेक पोवळ्यांचे माथे मेले. पण अशी घट थोडी असते, आणि पाणी पूर्ववत् होतांच पोवळें पुन्हां वर चढतें. भूकंपाची उसळी एका बेटावर अधिक तर दुसऱ्यावर कमी असते, आणि ती बराच काळ टिकते. म्हणून एकाच साक्षीवर निकाल न देतां अनेक बेटांच्या साक्षी ताडून पाहाव्या लागतात.

अमेरिकन भूशास्त्रज्ञ केरी सीह आणि इंडोनेशियाचे डॅनी हिल्मन नाताविजाया यांनीं सहकाऱ्यांसह हें काम मेंतावाई बेटांवर अनेक वर्षें केलें. १७९७ व १८३३ सालच्या प्रचंड भूकंपांच्या खुणा त्यांस पोवळ्यांत स्पष्ट मिळाल्या. सुमारें सातशें वर्षांच्या नोंदीवरून असें दिसलें कीं, तेथें मोठे भूकंप एकेकटे येत नसून साधारण दोनशें वर्षांच्या अंतरानें त्यांची मालिका येते. १८३३ पासून किती वर्षें लोटलीं, हा हिशेब कोणासही करतां येण्यासारखा होता. म्हणून २००४ च्या जुलैंत या मंडळींनीं बेटांवर सचित्र पत्रकें वांटून लोकांस सावध करण्यास आरंभ केला.

त्याच वर्षीं २६ डिसेंबरला पकड सुटली, पण ती त्यांच्या बेटांच्या उत्तरेकडे. उत्तर सुमात्रापासून अंदमानापर्यंत सुमारें १,३०० किलोमीटर लांबीची भेग सरकली, आणि त्सुनामीनें सव्वादोन लाखांच्या आसपास माणसें गिळलीं. अंदमानच्या वायव्य भागांत पोवळ्यांचे खडक पाण्याबाहेर आले, तर ग्रेट निकोबारचें दक्षिण टोंक खचून इंदिरा पॉइंट येथील दीपस्तंभाचा पाया समुद्रांत गेला. २८ मार्च २००५ रोजीं नियासचा भूकंप झाला, आणि त्या बेटाचा कांहीं किनारा जवळजवळ ३ मीटर वर आला. १२ सप्टेंबर २००७ रोजीं मेंतावाईच्या भागांतही मोठा भूकंप झाला. परंतु सांचलेल्या ताणाचा एक अंशच त्यानें मोकळा केला, असा निष्कर्ष पोवळ्यांवरून निघतो. समोरच्या पाडांग शहरांत लाखों लोक राहतात, आणि त्यांच्यापुढील संकट टळलेलें नाहीं.

पुढचा भूकंप कोणत्या दिवशीं होईल, हें पोवळें सांगत नाहीं. लोकांनीं तयार असावें, एवढेंच तें सांगतें; आणि त्या तयारीचें मोल सिमेउलुए बेटानें दाखवून दिलें आहे. १९०७ सालीं तेथें त्सुनामीनें मोठा संहार केला होता. तेव्हांपासून वडील माणसें मुलांस सांगत आलीं कीं, जमीन जोरानें हालली आणि समुद्र मागें हटला तर 'स्मोंग' येणार, तत्काळ डोंगर गांठावा. २००४ सालीं लाट तेथें अवघ्या कांहीं मिनिटांत पोंचली. तरी सत्तर हजारांहून अधिक वस्तीच्या त्या बेटावर सातच माणसें दगावलीं. याउलट २५ ऑक्टोबर २०१० रोजीं मेंतावाई बेटांवर धक्का सौम्य पण लांबलेला होता. पुष्कळांस तो धोक्याचा वाटला नाहीं, आणि त्सुनामीनें चारशेंहून अधिक बळी घेतले. म्हणून किनाऱ्यावर राहणाऱ्यानें धक्का किती जोराचा होता एवढेंच न पाहतां तो किती वेळ टिकला हेंही पाहावें. तो लांबला तर कोणाच्या हुकुमाची वाट न पाहतां उंच जागीं जावें, आणि ही गोष्ट घरांतील लहान मुलांसही शिकवून ठेवावी.