विमान खेळण्यातले, बॅटरी मात्र खरी



गेल्या गळीत हंगामात आमच्या एका ज्येष्ठ सभासदाच्या घरी घडलेली हकीकत प्रथम सांगतो. नाव सांगत नाही, कारण अशी चूक उद्या कुणाच्याही घरी होईल. नातवाने शाळेच्या विज्ञान प्रदर्शनासाठी रेडिओवर चालणारे थर्मोकोलचे विमान केले होते. आदल्या रात्री त्याचा छोटा चार्जर बंद पडला. पोराने डोके चालवले. "बॅटरी ती बॅटरीच की, आबा," असे म्हणून ट्रॅक्टरच्या बॅटरीचा चार्जर त्याने विमानाच्या बॅटरीला जोडला, पडवीत गोधडीवर ठेवला आणि तो जेवायला बसला. थोड्या वेळाने आजीला गोडसर, उग्र वास आला. बाहेर येऊन बघते तो पाकीट पुरीसारखे टम्म फुगलेले! तिने आरडाओरडा केला, आबांनी मेन स्विच पाडला, तेवढ्यात भडका उडाला. अंगणात बांधकामाची वाळू होती म्हणून निभावले. गोधडी गेली, पडवीचा एक वासा जळाला, माणसे वाचली. दहा हातांवर गोठा होता आणि गोठ्याला लागून पाचटाची गंजी होती, एवढे सांगितले म्हणजे पुरे.

पोराचे चुकले कुठे, हे समजून घेऊ. ट्रॅक्टरची बॅटरी शिसे आणि आम्ल यांची. तिच्यात दोन व्होल्टचे सहा सेल असतात आणि तिचा चार्जर चौदा व्होल्टच्या पुढेही जातो. विमानाची बॅटरी लिथियम पॉलिमरची, बोलीत 'लायपो'. तिचा एक सेल सरासरी 3.7 व्होल्टचा आणि पूर्ण भरला की 4.2 व्होल्टचा. तीन सेलांचे पाकीट भरल्यावर 12.6 व्होल्ट होते. त्याच्यापुढे एक पाऊलही जायचे नाही. ट्रॅक्टरच्या चार्जरने 14.4 व्होल्ट लावले, तर एकेका सेलच्या वाट्याला 4.8 व्होल्ट येतात. आत वायू धरतो, पाकीट फुगते, तापते आणि पेटते. आपल्या बॉयलरला सेफ्टी व्हॉल्व्ह आहे. या पाकिटाला तो नाही.

मग अशी धोक्याची वस्तू विमानात घालायचीच कशाला? कारण वजन. रेडिओवर चालणारे खेळणे काही आजचे नाही. निकोला टेस्ला यांनी 1898 साली न्यूयॉर्कमध्ये बिनतारी यंत्राने चालणारी लहान होडी लोकांना दाखवली, तीसुद्धा बॅटरीवरच होती. होडीला जड बॅटरी चालते, विमानाला चालत नाही. म्हणून विजेवर उडणारी विमाने मागे राहिली आणि इंजिनाची पुढे गेली. पुढे निकेल-कॅडमियमचे सेल आले, 1.2 व्होल्टचे, दणकट पण वजनदार. 1991 साली लिथियम-आयन बॅटरी बाजारात आली आणि चित्र पालटले. या शोधाबद्दल गुडइनफ, व्हिटिंगहॅम आणि योशिनो या तिघा शास्त्रज्ञांना 2019 चे नोबेल मिळाले. लायपो ही त्याच घराण्यातली. थोड्या वजनात भरपूर शक्ती मावते. पण शक्ती दाटीने कोंबली की ती सांभाळावीही लागते.

आता चार्जिंगचे शिस्तीचे नियम.

पहिला, चार्जर लायपोचाच हवा आणि त्यावर बॅटरीचा प्रकार व सेलांची संख्या बरोबर लावायला हवी. पाकिटाला दोन वायरी असतात, एक जाड, एक बारीक पांढऱ्या खटक्याची. ही बारीक वायर दुर्लक्षून चालत नाही. बैलजोडीतला एक बैल दमला की दुसऱ्यावर ओढ येते, तसेच सेलांचे आहे. एक सेल मागे राहिला, तर एकूण व्होल्ट बरोबर दिसूनही दुसरा प्रमाणाबाहेर भरतो. बारीक वायरीतून चार्जर प्रत्येक सेल वेगळा बघतो आणि सर्वांना सारखे करतो.

दुसरा, प्रवाह बेताचा ठेवावा. पाकिटावर 2200 एमएएच लिहिले असेल, तर 2.2 अँपिअरने भरावे. याला 'एक सी' म्हणतात, साधारण तासाभरात काम होते. पाकिटावर मोठ्या अक्षरात '25 सी' असेही छापलेले असते. तो आकडा बॅटरी किती वेगाने वापरता येते याचा आहे, भरण्याचा नव्हे. इथे पुष्कळ जण फसतात.

तिसरा, बॅटरी पार रिकामी करू नये. सेल तीन व्होल्टच्या खाली गेला की तो बिघडतो. शंभरातले ऐंशी वापरावेत, वीस शिल्लक ठेवावेत. उडवून आणलेली बॅटरी गरम असते, ती निवल्यावरच चार्जिंगला लावावी. आठ-पंधरा दिवस वापरायची नसेल, तर सेलमागे 3.8 व्होल्टवर ठेवावी. पूर्ण भरून किंवा उन्हाच्या पत्र्याखाली ठेवू नये.

चौथा, जागा. शहाबादी फरशी, सिमेंटचा ओटा किंवा विटांचा कोनाडा चालेल. गोधडी, पलंग, पाचट, कडबा, डिझेलचा कॅन यांच्याजवळ नको. शेजारी कोरड्या वाळूची बादली हवी. माणूस जागा आणि जवळ हवा. रात्री लावून झोपणे तर नाहीच. लाईट जाऊन परत आली, तर चार्जरवरील आकडे पुन्हा तपासावेत.

पाचवा, फुगलेले पाकीट पुन्हा भरू नये, टोचू नये, दाबू नये. मुलांच्या हाती न देता ते घराबाहेर उघड्या जागी ठेवावे आणि जुन्या बॅटऱ्या घेणाऱ्या अधिकृत केंद्राकडे द्यावे. 2022 च्या बॅटरी कचरा नियमांनी वापरलेल्या बॅटऱ्या परत गोळा करण्याची जबाबदारी उत्पादकांवर टाकलेली आहे. उकिरड्यावर टाकू नये. पेटलेच, तर आधी वीज तोडावी, धुरात तोंड घालू नये. तो धूर विषारी असतो. वाळूने ज्वाळा कोंडते, पण आतली धग लगेच जात नाही. म्हणून विझल्यासारखे दिसले तरी हात लावू नये.

एवढे सगळे खेळण्याच्या विमानासाठी कशाला, असे कुणी म्हणेल. पण आता उसावर फवारणी करणारे ड्रोन गावोगाव येत आहेत. 2021 साली ड्रोनचे नियम झाले, 2023 साली महिला बचत गटांसाठी 'नमो ड्रोन दीदी' योजना आली. अशा ड्रोनला सहा सेलांची 22000 एमएएचची बॅटरी असली, तर तिच्यात त्या नातवाच्या पाकिटाच्या जवळजवळ वीसपट शक्ती असते. नियम तेच, चूक झाली तर भडका मात्र तेवढा मोठा.

त्या नातवाचे विमान प्रदर्शनात उडाले नाही. पोराने मात्र जळके पाकीट फरशीच्या तुकड्यावर ठेवून शेजारी कागद लावला, 'मी काय चुकलो'. परीक्षकांनी काय मार्क दिले ठाऊक नाही. आबा त्या टेबलापाशी दिवसभर उभे होते आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत होते, "बॅटरी ती बॅटरी नव्हे, बरं का."

सभासदांनी हा अंक घरातल्या पोरांना जरूर वाचायला द्यावा.