श्रेष्ठत्वाची मोजपट्टी
अमेरिकेतील ग्रीन बे या लहानशा शहराचा ‘पॅकर्स’ हा अमेरिकी फुटबॉलचा संघ चाहत्यांच्याच भागभांडवलावर उभा आहे. भागांवर लाभांश मिळत नाही. वादाचा हक्क मात्र मिळतो! चेंडू फेकून चढाईची सूत्रे हलविणारा, म्हणजे ‘क्वार्टरबॅक’, आजवरचा सर्वश्रेष्ठ कोणता, हा तो वाद. बार्ट स्टारने १९६१ ते १९६७ या काळात पाच अजिंक्यपदे मिळविली. ब्रेट फार्व्ह व आरन रॉजर्स यांना एकेकच मिळाले. पण त्यांच्या फेकींचे आकडे डोळे दिपविणारे. तथापि १९७८ साली, फेक झेलणाऱ्यास अडविण्यावर निर्बंध आले, हे तरुण चाहते सोयीस्करपणे विसरतात. चलनवाढ वजा न करता दोन पिढ्यांचे पगार ताडून पाहण्यासारखेच हे. वृद्ध चाहतेही प्रशिक्षक लोम्बार्डी यांचा वाटा स्टारच्याच खात्यावर जमा करतात.