कृषी सहायकाचा प्रश्न जातो कुठे?

ज्यांना ऐकायला जमलं नाही, त्यांच्यासाठी आजच्या भागाचा हा लिखित अवतार. बोलताना मी तेच तेच दोनदा म्हटलं होतं, तेवढं काढलंय. बाकी जसंच्या तसं.

नेटवर्किंग म्हटलं की आपल्या डोळ्यापुढे लिंक्डइन येतं, रेफरल येतात, शनिवारचं मीटअप आणि तिथला फुकटचा पिझ्झा येतो. मी सॉफ्टवेअरमध्ये आहे, त्यामुळे हे सगळं मी भरपूर केलंय. पण मला वाटतं की ज्याला नेटवर्कची खरीखुरी गरज आहे, तो माणूस आत्ता गाडीला किक मारून कुठल्यातरी बांधावर चाललाय. कृषी सहायक. २०२५ मध्ये या पदाचं नाव 'सहायक कृषी अधिकारी' झालं, पण गावात अजून सगळे जुन्याच नावाने ओळखतात, म्हणून मीही तेच म्हणतो.

माझी मामेबहीण विदर्भात कृषी सहायक आहे. दिवाळीत तिच्याकडे गेलो होतो, तेव्हा तिने फोन दाखवला. कामाचे एकोणीस व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप! मी विचारलं, "ताई, यातल्या किती ग्रुपवर तू प्रश्न विचारू शकतेस?" ती म्हणाली, "विचारायचं कुठे रे? इथे फक्त पाठवायचं असतं."

पाठवायचं म्हणजे पेरणीचा अहवाल, जिओटॅग फोटो, मोहिमेचे आकडे, अर्जांची यादी. वरून येतं ते एकच: 'आज चार वाजेपर्यंत माहिती सादर करावी.'

आता हे जरा इंजिनिअरच्या नजरेने बघू. कृषी खात्याची रचना म्हणजे एक झाड आहे. खाली कृषी सहायक, वर पर्यवेक्षक, मग मंडळ कृषी अधिकारी, तालुका, उपविभाग, जिल्हा. कॉम्प्युटरच्या भाषेत याला ट्री म्हणतात, आणि ट्रीमध्ये एका फांदीवरून शेजारच्या फांदीवर जायचं तर आधी वर चढावं लागतं, मग खाली उतरावं लागतं. आदेश आणि आकडे यांच्यासाठी हे ठीक आहे. पण कीड काही फांद्या बघून पसरत नाही. ती सरळ शेजारच्या तालुक्यात जाते.

मक्यावरच्या लष्करी अळीचंच घ्या. ही अमेरिका खंडातली कीड भारतात पहिल्यांदा सापडली ती २०१८ मध्ये, कर्नाटकात शिवमोग्याकडे. त्याच वर्षी काही महिन्यांनी ती सोलापूर जिल्ह्यात दिसली. म्हणजे आपल्याकडच्या माणसाला 'ही कुठली नवीन अळी?' असा प्रश्न पडला, तेव्हा सीमेपलीकडच्या लोकांनी ती बघून झाली होती. डोक्यावर उलटा इंग्रजी वाय, आणि शेपटीकडे चौकोनात मांडल्यासारखे चार ठिपके, ही ओळख त्यांना माहीत होती. सोलापूर, सांगली, कोल्हापूरच्या सीमेवर तर दोन्ही भाषा बोलणारी माणसं घरोघरी आहेत. अशा वेळी पलीकडच्या एका माणसाचा नंबर फोनमध्ये असला, तर एक अख्खा हंगाम वाचू शकतो.

समाजशास्त्रात यावर एक प्रसिद्ध निबंध आहे, मार्क ग्रॅनोव्हेटर या अमेरिकन अभ्यासकाचा, १९७३ चा. त्याचं म्हणणं असं, की नवीन माहिती बहुतेक वेळा जवळच्या माणसांकडून येत नाही, ओझरत्या ओळखीच्या माणसांकडून येते. कारण सोपं आहे. जवळच्यांना तेच माहीत असतं जे आपल्याला माहीत असतं. त्याने नोकरी शोधणाऱ्यांचा अभ्यास केला होता, पण कृषी सहायकाला हे तंतोतंत लागू पडतं. एकाच मंडळातले पाच जण एकच पाऊस, एकच वाण आणि एकच कीड बघत असतात.

बरं, उत्तर उशिरा मिळालं तर बिघडतं काय? संध्याकाळी सात वाजता शेतकरी फोटो पाठवतो, "ताई, हे काय पडलंय?" सकाळी त्याला फवारायचं असतं, मजूर सांगून ठेवलेला असतो. रात्रीतून उत्तर आलं नाही, तर तो नऊ वाजता कृषी सेवा केंद्राच्या पायरीवर उभा असतो आणि तिथून मिळेल ते घेऊन येतो. हे आजचं नाही. २००३ मध्ये राष्ट्रीय नमुना सर्वेक्षणात शेतकऱ्यांना विचारलं होतं की नव्या तंत्राची माहिती तुम्हाला कुठून मिळते. दुसऱ्या प्रगतिशील शेतकऱ्याकडून म्हणणारे साधारण १७ टक्के, खत-बियाणं विकणाऱ्या दुकानदाराकडून १३ टक्के, आणि सरकारी विस्तार कर्मचाऱ्याकडून जेमतेम ६ टक्के.

चुकीच्या फवारणीची किंमत नुसती पैशात मोजली जात नाही. २०१७ च्या खरिपात यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन वीसहून जास्त शेतकरी-शेतमजूर गेले, शेकडो दवाखान्यात होते. डोक्याएवढी वाढलेली कपाशी, अंगावर संरक्षक कपडे नाहीत, आणि दोन-तीन औषधं एकत्र कालवून मारणं, अशी बरीच कारणं एकत्र आली होती. पण 'हे त्यात मिसळू नका' हे योग्य वेळी, ओळखीच्या आवाजात सांगणारं माणूस शेताजवळ असणं किती महत्त्वाचं आहे, ते तिथे दिसलं.

यावर पूर्वी काही विचारच झाला नव्हता, असं मात्र नाही. १९७० च्या दशकात डॅनियल बेनॉर नावाच्या इस्रायली तज्ज्ञाने जागतिक बँकेसाठी 'प्रशिक्षण व भेट' पद्धत मांडली आणि ती भारतभर आली. ग्रामपातळीवरचा कर्मचारी ठरलेल्या दिवशी ठरलेल्या गावात जायचा, दर पंधरवड्याला त्याचं एक प्रशिक्षण व्हायचं, आणि महिन्यातून एकदा विषय विशेषज्ञ विद्यापीठाच्या शास्त्रज्ञांसोबत कार्यशाळेला बसायचे. पद्धत खर्चिक होती, वरून खाली होती, बँकेचा पैसा आटल्यावर १९९० च्या दशकात ती विरली. टीका बरीच रास्त होती. पण माझं मत विचाराल, तर टाकून देताना आपण त्यातली सगळ्यात कामाची गोष्टही टाकली: कॅलेंडरमध्ये लिहिलेली, शेतातला प्रश्न शास्त्रज्ञापर्यंत नेण्याची जागा.

आज प्रशिक्षण नाही असं नाही. नागपूरला वनामती आहे, विभागांत रामेती आहेत. हैदराबादची मॅनेज ही संस्था विस्तार कर्मचाऱ्यांसाठी एक वर्षाची दूरशिक्षण पदविका चालवते. माहितीची ये-जा चांगली होते असंही एक उदाहरण आहे, क्रॉपसॅप. २००८ मध्ये सोयाबीनवर पानं खाणाऱ्या अळ्यांनी विदर्भ-मराठवाड्यात धुमाकूळ घातला, त्यानंतर २००९-१० पासून हा कीड सर्वेक्षण प्रकल्प सुरू झाला. शेतातली निरीक्षणं वर जातात, विद्यापीठाचे तज्ज्ञ ती बघतात, सल्ला खाली येतो. पण हीसुद्धा वर-खाली जाणारीच वाट. आडवी वाट ज्याची त्याने पाडायची असते.

ताईने आणि तिच्या ओळखीतल्या काही जणांनी ती पाडली आहे. तो ग्रुप मला फार आवडला. बारा माणसं, चार तालुके. त्यात एक जण कृषी विज्ञान केंद्रातले पीक संरक्षणाचे विषय विशेषज्ञ. अहवाल नाही, सुप्रभात नाही, फॉरवर्ड नाही. फक्त प्रश्न, आणि प्रश्न विचारायची ठरलेली पद्धत.

ही पद्धत बघून मला आमच्या ऑफिसातला बग रिपोर्ट आठवला. आमच्याकडे कुणी नुसतं 'अ‍ॅप चालत नाही' लिहिलं तर त्याला उत्तर मिळत नाही. कुठला फोन, कुठलं व्हर्जन, काय दाबल्यावर बिघडलं, हे सांगावं लागतं. शेतातही तेच. नुसता पिवळ्या पानाचा फोटो टाकून 'काय आहे?' विचारलं, तर पाच जण पाच उत्तरं देतात: नत्र कमी, पाणी साचलंय, रस शोषणारी कीड, विषाणू, तणनाशक लागलं. पिवळं पान या सगळ्यांचं असू शकतं.

म्हणून त्यांचा प्रश्न असा असतो. पीक, वाण, पेरणीला किती दिवस झाले. शेतात सगळीकडे आहे की पट्ट्यात, की फक्त बांधाकडे. जुन्या पानावर आधी आलं की शेंड्याकडच्या नव्या पानावर. गेल्या पंधरा दिवसांत काय फवारलं, पाऊस किती. आणि फोटो तीन: लांबून अख्खं शेत, मग एक पूर्ण झाड, मग अगदी जवळून, पानाची खालची बाजूसुद्धा. अळी असेल तर तिचं डोकं आणि शेपूट, दोन्ही. ताई म्हणते, एवढं लिहिता लिहिता निम्म्या वेळा उत्तर आपलं आपल्यालाच सापडतं. (हे आमच्याकडेही होतं, अगदी रोज.)

दुसरा नियम उत्तरांसाठी. औषधाचं प्रमाण आठवणीतून सांगायचं नाही. विद्यापीठाची चालू वर्षाची शिफारस किंवा डब्यावरचं लेबल बघूनच सांगायचं, आणि त्या पिकासाठी ते औषध नोंदणीकृत आहे का तेही बघायचं. कारण व्हॉट्सअ‍ॅपवर पाच वर्षांपूर्वीची पीडीएफसुद्धा कालच छापल्यासारखी दिसते. तिसरा नियम, शेतकऱ्याचा सातबारा, आधार, नाव-गाव काही टाकायचं नाही. फोटो पिकाचा, माणसाचा नाही.

या ग्रुपचा उपयोग कसा होतो, ते कपाशीवरून सांगतो. गुलाबी बोंडअळीसाठी शेतात कामगंध सापळे लावतात. सलग तीन रात्री एका सापळ्यात रोज आठ पतंग सापडले, की आर्थिक नुकसानीची पातळी गाठली असं धरतात. गेल्या हंगामात शेजारच्या तालुक्यातल्या एकाने ग्रुपवर लिहिलं, 'माझ्याकडे आज दुसरी रात्र.' ताईने तेवढ्यावरून दुसऱ्या दिवशी आपल्या गावांत लोकांना डोमकळ्या शोधायला लावलं. डोमकळी म्हणजे आत अळी शिरल्यामुळे न उमलता गुलाबाच्या कळीसारखं मिटून राहिलेलं फूल. सापडल्या तेवढ्या वेचून नष्ट केल्या. अधिकृत सल्लाही आला, नाही असं नाही, पण तो येईपर्यंत तिची तीन गावं फिरून झाली होती.

आता तुमच्यापैकी कुणी कृषी पदविका-पदवी करून या नोकरीत जाणार असेल, किंवा कृषीमित्र असेल, किंवा एखाद्या शेतकरी उत्पादक कंपनीत फिल्डवर असेल, तर वेगळं थोडं सांगतो. कृषी विज्ञान केंद्रात साधारण सहा विषय विशेषज्ञ असतात आणि त्यांच्यावर अख्खा जिल्हा असतो. त्यांना रात्री दहाला फोन लावाल तर महिन्याभरात ते फोन उचलणं बंद करतील. ताईच्या ग्रुपवर ठरलंय की आधी आपसात बोलायचं, न सुटलेलं तेवढं आठवड्याने एकत्र करून साहेबांना द्यायचं. तातडीचं असेल तरच थेट. शिवाय त्यांनी दिलेलं उत्तर खरं ठरलं का, ते पंधरा दिवसांनी त्यांना कळवायचं. हे शेवटचं फार कमी जण करतात, आणि तज्ज्ञाला खरा रस त्यातच असतो.

आणि दुकानदाराला शत्रू धरू नका. मॅनेजचाच 'देसी' नावाचा एक वर्षाचा अभ्यासक्रम २००३ पासून खास कृषी निविष्ठा विक्रेत्यांसाठी आहे, आठवडी सुट्टीच्या दिवशी वर्ग, सोबत शेतभेटी. तो केलेला दुकानदार तुमच्या बाजारपेठेत असेल तर आधी जाऊन त्याच्याकडे चहा प्या. शेतकरी सकाळी नऊला त्याच्याकडे जाणारच आहे. तुम्ही चिठ्ठीवर लिहून दिलेलं नाव तो ओळखीमुळे बदलणार नसेल, तर तेवढं तरी पदरात पडलं.

एक गोष्ट मात्र ताईच्या ग्रुपलाही जमलेली नाही. चांगली उत्तरं चॅटमध्ये वर सरकत जातात आणि पुढच्या खरिपात तोच प्रश्न परत पहिल्यापासून सुरू होतो. मी तिला ऐटीत म्हटलं, "अ‍ॅप बनवून देतो." ती म्हणाली, "विसावं काहीतरी नको मला." मग एक साधी गुगल शीट केली. पाच रकाने: पीक, लक्षण, निदान, काय केलं, पंधरा दिवसांनी काय दिसलं. दर रविवारी एक जण पाळीने भरतो. सध्या तिच्यात त्रेचाळीस ओळी आहेत, आणि शेवटचा रकाना त्यातल्या सतरा ठिकाणी रिकामा आहे.

चला, आजच्यापुरतं इतकंच. पुढच्या भागात भेटू.